कमरेची सुपारी

त्या वर्षी पौषात खाडीपलीकडच्या पेठेतल्या टॉकीजमध्ये लग्नाचा सिनेमा लागला. सिनेमाला नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. सगळे ‘लग्नाचो शिनेमा’ एवढंच म्हणत. पौषात मुहूर्त नसतात. मांडव नाही, वाजंत्री नाही, जेवणावळ नाही. लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्यात हा पडद्यावरचा लग्नाचा थाट आला आणि अलीकडच्या तीरावरची पाच-सहा गावं त्याच्यावर तुटून पडली.

टॉकीज म्हणजे पूर्वीची सुक्या माशांची वखार. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रे. दुपारी पत्रे तापले की जुना वास अजून खाली उतरे. लांबच्या लोकांना उजेडी घरी पोचता यावं म्हणून मालकाने बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ ठेवला होता. खेळ सुटला की लोक धक्क्यावर येत आणि लवू नावाड्याच्या होडीत बसत. खाडी ओलांडायला पाव तास लागे. तेवढ्या वेळात होडीत सिनेमा पुन्हा पहिल्यापासून होई.

लवूने तो बघितला नव्हता, पण चार खेपांत त्याला तो पाठ झाला. एक मुलगा, एक मुलगी. घरच्यांनी न विचारता लग्न ठरवलं म्हणून दोघंही रुसून घर सोडतात. दुसरी नावं घेऊन एकाच गावी उतरतात. तिथे भांडतात, मग जीव जडतो, आणि शेवटी कळतं की घरच्यांनी ठरवलं होतं ते हेच. मग लग्न. मध्ये एक विसरभोळा मामा, एक हरवलेला हार आणि सहा गाणी.

“बसल्याबरोबर माका कळला,” काशीबाई सांगत होती. ती बाजारात मासे विकत असे. परतीच्या खेपेला रिकामी पाटी पालथी घालून तिच्यावर ऐसपैस बसे. “दोघांनी येकामेकांकडे डोळे वटारल्यानी, तेवाच म्हटलंय, आता ह्येंच्या लग्नाचा जेवण जेवल्याशिवाय हे आमका घराक सोडूचे नाय.”

“मगे तीन तास बसलंस कशाक?” मागून कोणीतरी टोमणा मारला.

“लग्नाक जाताना तुका म्हायत नसता काय, लगीन लागतला म्हणान? तरी जातंस मरे, मेल्या. जेवण सोडतंस काय कधी?”

होडी हसली.

हरिश्चंद्र मास्तरांना हसू आलं नाही. ते शाळेत बोलत तसंच होडीतही बोलत. “कथेत दमच नाही. पुढे काय होणार हे दुसरीतलं पोरही सांगेल. काही उत्कंठा नको का?”

“मास्तरानू, म्हायत आसा म्हणान तर बघतंय,” दाऊदभाई म्हणाले. पेठेत त्यांची नारळ-सुपारीची वखार होती आणि सिनेमा त्यांनी तीनदा बघितला होता. “थंय बसलंय की जीवाक बरा वाटता. कोण मराचो नाय, कोणाची होडी बुडाची नाय. घराक गेल्यार काय होतला ता कोणाक म्हायत?”

बोलून गेल्यावर ते चपापले आणि त्यांनी लवूकडे पाहिलं. लवू वल्हं मारत होता.

श्रावणात लवूची बायको नर्मदा गेली. साधा ताप आला होता. खाडी तांबडी होऊन भरून वाहत होती, पलीकडच्या डॉक्टरांना तिसऱ्या दिवशी आणता आलं. आणलं लवूनेच. चौथ्या दिवशी ती गेली. तेव्हापासून लोक त्याच्यासमोर बोलता बोलता मध्येच थांबत. लवूला वाटे, थांबू नये. बोलावं. होडीत माणसं बोलत असली की वल्हं हलकं जातं.

मुलीचं, रुक्मिणीचं लग्न नर्मदा असतानाच ठरलं होतं. मुलगा बांद्याचा, बाजारात सायकलदुरुस्तीचं दुकान. घरात मृत्यू झाला की लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी रीत. पावणे थांबणारे नव्हते. माघातला मुहूर्त धरला. त्या बैठकीत लवूचा थोरला भाऊ दाजी म्हणाला, “कन्यादान मी आणि सावित्री करतलव. तू मागे उभो रव. वऱ्हाड हाडूक होडी लागतली, तां तू बघ.”

लवू म्हणाला, “बरा.”

दुसरं काय म्हणणार? दाजीला आणि सावित्रीवहिनीला मूलबाळ नव्हतं. रुक्मी लहानपणी निम्मी त्यांच्याच घरी वाढली. आयुष्यात एकदा कन्यादानाचं पुण्य हाताला लागावं असं वहिनींना वाटलं तर त्यात वावगं काय? त्यांनी त्या दिवसासाठी हिरवं लुगडं आणलं होतं. घडी मोडून लवूला दाखवलं आणि विचारलं होतं, “रंग बरो दिसतलो मां रे?” लवू तेव्हाही ‘बरो’ म्हणाला होता. पण होडी रिकामी घेऊन येताना त्याच्या मनात एकच येई. मुलगी आपली, आणि तिचा हात दुसऱ्याने द्यायचा. आपण मागे उभं राहून पावण्यांच्या पानसुपारीचं बघायचं. हे तो कोणाला बोलला नव्हता. बोलण्यासारखं माणूस श्रावणात गेलं होतं.

“पण माका येक सांगा,” काशीबाई पुन्हा सुरू झाली, “चेडवाचो बापूस कन्यादानाक एकटोच कसो बसलो? तेची बायल तर पैल्या गाण्यापासून भिंतीर फोटोत आसा.”

लवूचं वल्हं पाण्यात थांबलं. होडी जराशी फिरली.

“दिग्दर्शकाने बसवला, बसला,” मास्तर म्हणाले. “त्यांना रीतभात कुठली माहीत? खऱ्या लग्नात दांपत्यच लागतं.”

“नाय लागणा. कमरेक सुपारी खोवची आणि बसाचा. बायलेच्या जाग्यार सुपारी. माझ्या आज्यान तशीच खोयलेली. आणि मी बघलंय, त्या बापाशीच्या कमरेक फुगवटो दिसता.”

“किल्ल्यो त्यो,” दाऊदभाई म्हणाले. “मामलेदार दाखवलेलो आसा तो. कपाटाच्यो किल्ल्यो कमरेक आसतत.”

“सुपारी!”

“काशीबाय, तीनदा बघलंय मी.”

“तू तेरादा बघ. सुपारी तुका काय कळतली?”

“सुपारीचो व्यापार माझो आसा, आणि सुपारी माका कळाची नाय?”

होडीत उभी फूट पडली. वल्ह्याजवळचे सगळे किल्लीवाले आणि पुढच्या टोकाला, नाळेकडे बसलेले सुपारीवाले. तेवढ्यात लवूने तोंड उघडलं. “काशीबाय, तां नीट दिसता काय? का तुका वाटला?”

लवू महिन्यामहिन्यात भाड्याशिवाय काही बोलत नसे. सगळ्यांनी माना वळवल्या.

“वाटला नाय, दिसला,” काशीबाई म्हणाली, पण आवाज जरा खाली आला होता. “म्हणजे... उपरण्याखाली दिसला.”

*

लवू घरी आला तेव्हा रुक्मी अंगणात सुपाऱ्या उलटवत होती. विहिरीमागच्या दोन पोफळी नर्मदेने लावलेल्या. वाळलेल्या सुपाऱ्या सोलून डब्यात भरायचं कामही तिचंच असे. रोज दुपारी जेवण झालं की ती अडकित्ता घेई, एक सुपारी फोडून अर्धी लवूला देई, अर्धी स्वतः खाई. आपल्याकडे लहान अर्ध आलं, असं दोघंही म्हणत. तेवीस वर्षं हे भांडण चाललं. ती गेल्यावर लवूने सुपारी सोडली. अडकित्ता खुंटीला होता तसाच होता. नर्मदेचा फोटो नव्हता. कधी काढलाच नव्हता. म्हणून संध्याकाळी हातपाय धुतले की लवू त्या अडकित्त्याकडे बघून दिवसाच्या खेपा सांगे. ‘आज आठ झाल्यो,’ इतकंच. मोठ्याने नाही.

“बाबानू,” रुक्मी म्हणाली, “काकी इचारी होती, लग्नात तुमी मुंडासा बांधतलास काय टोपी घालतलास?”

“कायव चलात. मागे उभ्या माणसाक कोण बघता?”

रुक्मी सुपाऱ्या उलटवत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, “मी बघतलंय.”

लवू विहिरीवर गेला. पाणी ओढलं, पाय धुतले, पुन्हा ओढलं आणि पुन्हा धुतले.

*

पुढच्या बाजाराला सिनेमाचा शेवटचा खेळ होता. लवूने दुपारची खेप पलीकडे नेली, होडी धक्क्याला बांधली आणि उतरलेल्या लोकांच्या मागून टॉकीजकडे चालू लागला. भर दुपारी होडी बंद ठेवायची त्याची ही पहिलीच वेळ. पण अडणार कोणाचं होतं? ज्यांना पलीकडे जायचं होतं ते सगळे सिनेमालाच आले होते.

“लवू, तू?” दाऊदभाई दारात भेटले. त्यांची ही चौथी वेळ.

“बघतंय वायच.”

दाऊदभाईंनी त्याला आपल्या शेजारी चटईवर बसवलं. बायका दोरीपलीकडे बसल्या. दिवे गेले. दाऊदभाई आपले शेतातल्या माणसाने वाट दाखवावी तसे सांगू लागले. आता मामो येतलो. आता गाडी चुकतली. आता ती तेच्या अंगार पाणी ओततली. आणि तसंच होई. लोक आधी हसत आणि मग ते घडे.

लवूने मुलगा बघितला नाही आणि मुलगीही नाही. तो बापाची वाट बघत होता. बाप थोडाच वेळ येई. एकदा तो वर्तमानपत्र वाचताना दिसला. एकदा चहाचा कप घेऊन बायकोच्या फोटोसमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘आज साखर कमी पडली हो.’ सगळं टॉकीज खदखदून हसलं. दाऊदभाईंनी मांडीवर थाप मारली. लवू हसला नाही. त्याला नवल वाटलं. असं आपण एकटेच करतो, अशी त्याची समजूत होती.

मग लग्न आलं. सनई सुरू झाली. मांडव, माणसं, अंतरपाट. बाप पाटावर येऊन बसला. एकटाच. लवू गुडघ्यांवर उठला.

“खाली बस रे! आमका काय तुझी पाठ दाखवतंस?” मागून कोणी ओरडलं.

लवू खाली बसला नाही. बापाच्या खांद्यावरून उपरणं सरळ मांडीवर आलं होतं आणि कंबर काही केल्या दिसत नव्हती. भटजी मंत्र म्हणत होते, मुलीचा हात पुढे आला, बापाने हातावर पाणी सोडलं. हात, पाणी, मुलीचा चेहरा. झालं. एवढंच. पुढच्या क्षणी नवरा-नवरी हार घालून हसत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते.

“लवू!” दोरीपलीकडून काशीबाईची हाक आली. “दिसली काय रे?”

“नाय!” लवू ओरडला.

अख्खं टॉकीज हसलं. निम्म्या लोकांना कशाला हसतोय तेही माहीत नव्हतं.

*

परतीच्या होडीत सगळ्यांचं लक्ष लवूकडे. तो आता पंच झाला होता.

“सांग मगे,” काशीबाई म्हणाली. “इतके दिवस आमचा ऐकलंस. आता तुझा सांग. शिनेमा कसो?”

लवूने होडी धक्क्यापासून ढकलली. चार वल्ही मारली. “बापाशीचा काम खोटा आसा,” तो म्हणाला.

“खोटा म्हणजे?”

“पाणी सोडताना तेचो हात हालूक नाय. चेडू जन्मभर घरात वाढला, बायल फोटोत, आता घर रिकामा होतला. आणि हात असो, जसो झाडाक पाणी घालता. येकदासुद्धा हालूक नाय.”

पाण्याचा आवाज येत राहिला.

“नट आहे तो, लवू,” मास्तर हळूच म्हणाले.

“आसतलो. पण तेका म्हायत नाय.”

“तुका म्हायत आसा मां?” काशीबाई म्हणाली. “मगे तू बस. आमका बघूक तरी गावात, हात हालता काय नाय ता.”

मागची माणसं हसली. काशीबाई हसली नव्हती. लवूने तिच्याकडे बघितलं आणि नजर पाण्याकडे वळवली. अलीकडचा धक्का आला, माणसं उतरली. काशीबाई पाटी डोक्यावर घेत होती तेव्हा त्याने विचारलं, “तुझ्या आज्याक सुपारी खोव म्हणान कोणी सांगलेला?”

“भटान. आणखी कोण सांगतलो?”

“तो कन्यादानाक बसलेलो?”

काशीबाईने डोक्यावरची पाटी सारखी केली. “सत्यनारायणाक,” ती म्हणाली. “कन्यादानाचा माका म्हायत नाय. पण भट अजून जितो आसा. तेका इचारूक जीभ नाय काय तुका?”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी लवू भटजींकडे गेला. ते पडवीत पंचांग बघत बसले होते. लवूने उभ्या उभ्याच विचारलं. भटजींनी चष्मा काढला.

“सुपारी लावून बसता येतं. माझ्या वडिलांनी अशी दोन कन्यादानं लावलेली मी पाहिली आहेत.”

“मगे तुमी बोललास नाय तां?”

“मला विचारलं कोणी? दाजी आला, आम्ही दोघं बसतो म्हणाला. मी म्हटलं, लवूचं मन नसेल. दुःख ताजं आहे.” त्यांनी पंचांग मिटलं. “फक्त धार धरायला बाई लागेल. तुझ्या ओंजळीत झारीने पाणी घालायचं. एरवी ते बायको करते. ते कोण करणार ते ठरव.”

लवू तिथून थेट दाजीच्या घरी गेला नाही. तो धक्क्यावर जाऊन होडीत बसला. तळाला पाणी साचलं होतं, करवंटीने ते उपसलं. होडी कोरडी झाली तरी उपसत राहिला. मग उठला.

दाजी अंगणात मांडवासाठी झावळं विणत होता. लवू त्याच्यासमोर बसला, एक झावळ ओढून घेतलं आणि विणायला लागला. दोन पेरं विणून झाल्यावर म्हणाला, “दाजी, रुक्मीच्या कन्यादानाक मी बसतलंय.”

दाजीचे हात थांबले. “डोक्या ठिकाणार आसा मां तुझा?”

“आसा.”

“सगळा ठरलेला आसा. भटाक सांगलेला आसा.”

“भटाक इचारलंय मी. सुपारी खोवन बसूक येता.”

“शिनेमा बघून इलंस म्हणान ऐकलंय,” दाजी म्हणाला. त्याचा आवाज चढला. “शिनेमातलो बापूस बसलो म्हणान तू बसतलंस? थंय तुका रडू इला तर? वऱ्हाडासमोर? नर्मदा गेली तेवा तुका मी धरून घराक हाडलंय रे. ता परत माका बघूचा नाय, म्हणान मी सांगलंय, तू मागे रव. तुझ्यासाठी सांगलंय.”

लवूला हे माहीत नव्हतं. त्याला वाटलं होतं, पुण्यासाठी. तो खाली बघत म्हणाला, “रडू येतला तर येतला. चेडू माझा आसा.”

दारात सावित्रीवहिनी उभ्या होत्या. सगळं त्यांनी ऐकलं होतं. त्या आत गेल्या. आत ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बंद झाल्याचा आला नाही.

दाजीने आतल्या बाजूला बघितलं. “बघ,” तो हळू म्हणाला. “आता तूच सांग तिका.”

लवू उठून उंबऱ्यापाशी गेला. आत अंधार होता. वहिनी ट्रंकेपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या, हिरवं लुगडं मांडीवर.

“वैनी, झारी तुमी धरूची.”

त्या वळल्या नाहीत.

“भटान सांगलेला आसा. धार बायलमाणसाच्या हातान पडाक व्हयी. रुक्मीच्या हातार पाणी पडतला ता तुमच्या हातान पडतला. मी खाली नुसतो हात धरतलंय.”

मग वहिनींनी पदराने नाक पुसलं. “आणि सुपारी कोण खोयतला तुका?”

“मीच खोयतंय.”

“तू? नेसण तरी धड नेसूक येता काय तुका? अर्ध्या मंत्रात सुपारी घरंगळत गेली तर पावणे काय म्हणतले? मी खोयतलंय.” त्यांनी लुगड्याची घडी घातली आणि ते ट्रंकेत न ठेवता खुंटीवर ठेवलं. “आणि टोपी नुको. मुंडासा बांध.”

लवू बाहेर आला. दाजी झावळं विणत नव्हता.

“मगे मी काय करू?” तो म्हणाला. “पावण्यांच्यो वहाणो सांबाळू?”

“वऱ्हाड हाडूक होडी कोण नेतलो?”

दाजीने वल्हं सोडून शेती धरली त्याला बारा वर्षं झाली होती.

“वल्हं मारूक इसारलंस नाय मां?” लवूने विचारलं.

“तुका कोणी शिकयल्यान तां इसारलंस काय, मेल्या?” दाजी म्हणाला.

*

माघातल्या त्या सकाळी ओहोटी होती तरी दाजीने वऱ्हाड वेळेवर आणलं. तीन खेपा केल्या. उतरला तेव्हा घामाने भिजला होता आणि कोणी विचारण्याआधीच सांगत होता की होडी डावीकडे ओढते, लवूने तळ बघायला हवा.

सुपारी लवूनेच डब्यातून निवडली. नर्मदेच्या पोफळीची, न फोडलेली. वहिनींनी ती धोतराच्या सोग्यात घट्ट बांधून कमरेला खोचली, दोनदा ओढून बघितली, वरून उपरणं सारखं केलं. लवू पाटावर बसला. समोर माणसंच माणसं. पुढच्या रांगेत काशीबाई, तिच्यामागे खांबाला टेकून दाऊदभाई, बाजूला मास्तर. सिनेमाला बसतात तसेच बसले होते. पुढे काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं आणि तरी कोणी दुसरीकडे बघत नव्हतं.

भटजींनी सांगितलं तसा लवूने हात पुढे केला. खाली जावयाची ओंजळ, तिच्यात रुक्मीचा हात. हळदीने पिवळा झालेला, नखाशी सुपारीच्या सालाचा डाग अजून तसाच. लवूला वाटलं, आता. आता हात हालणार. त्याने दात घट्ट आवळले.

वहिनींनी झारी वाकवली आणि झारीच थरथरली. धार इकडे गेली, तिकडे गेली, पाटावर पडली. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना काही दिसत नव्हतं. लवूने हात धारेखाली नेला. धार सरकली तसा हात सरकवला, जसं ओढीच्या पाण्यात वल्हं धरतात तसा तो धरून ठेवला. थेंबही बाहेर जाता कामा नये, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं. पाणी त्याच्या ओंजळीतून रुक्मीच्या हातावर पडलं, तिथून खाली गेलं. भटजींनी मान हलवली. झालं होतं.

रुक्मीने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मागे वळावं लागलं नाही तिला. तो समोरच होता.

जेवणं उरकून वऱ्हाड परत निघालं तेव्हा तिन्ही खेपांना वल्हं लवूने स्वतः घेतलं. मुलगी पोचवायची म्हणून दाजी काही बोलला नाही. पलीकडे वऱ्हाडासाठी मोटार उभी होती. ती वळणाआड जाईपर्यंत लवू धक्क्यावर उभा राहिला. मग पोचवायला आलेली गावची माणसं घेऊन मागे फिरला.

“हात हालूक नाय रे तुझो,” काशीबाई म्हणाली. तिचा आवाज जरासा तक्रारीचा होता. “मी डोळो काढूक नाय तुझ्या हातावरसून. येकदासुद्धा हालूक नाय.”

“नाय,” लवू म्हणाला. चार वल्ही गेली. “तो शिनेमावालो बरोबर होतो. मीच तेका उगीच खोटो म्हटलंय.”

“आणि सुपारी?” दाऊदभाईंनी विचारलं. “माका तर काय दिसूक नाय. उपरण्याखाली काय होता कोणाक म्हायत.”

“किल्ल्यो आसतल्यो,” काशीबाई म्हणाली.

होडी हसली. लवूही हसला, आणि हसता हसता एक हात वल्ह्यावरून काढून त्याने कमरेला लावून बघितला. होती.

घरी दिवा लावायची वेळ झाली होती. लावायला कोणी नव्हतं, त्याने स्वतः लावला. सोगा सोडून सुपारी काढली आणि खुंटीखालच्या फळीवर, अडकित्त्याच्या बरोबर खाली ठेवली. न फोडता.

“आज सहा खेपा,” तो म्हणाला. “तीन दाजीन मारल्यान.” आज घरात ऐकायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून पुढचं जरा मोठ्याने सांगितलं.

“वैनीचो हात हाललो. आपलो नाय.”